टोचीबाईचं सोंग

बेटावर तिशीच्या आतलं असं एकही पाऊल नव्हतं, ज्याच्या टाचेला आफ्केची सुई लागली नव्हती. कामच होतं तिचं ते. मूल जन्मलं की आठवडा संपायच्या आत आफ्के सायकलवर टांग टाकून हजर. टाचेला बारीकसं टोचायचं, जाड कागदावर छापलेली वर्तुळं रक्ताच्या थेंबांनी भरायची आणि तो कागद बोटीने मुख्य भूमीवरच्या प्रयोगशाळेत धाडायचा. बाळाच्या अंगात एखादं दुखणं दबा धरून बसलंय का, ते तिथे कळे. बंदरावर दोरखंड ओढणारा एक सहाफुटी धटिंगण केवळ त्या चार थेंबांमुळे वेळेवर औषध मिळून जगला होता. पण हे लक्षात कोण ठेवतो! लोकांच्या लक्षात राहिली ती सुई.

आणि त्या सुईला गावातल्या आयांनी आपल्या सोयीसाठी पार बदनाम करून टाकलं होतं. इतर ठिकाणी पोरं जेवेनाशी झाली की बागुलबुवाला हाका मारतात. इथे बागुलबुवाची गरजच नव्हती. "बटाटे संपव, नाहीतर टोचीबाई येईल हं सायकलवरून!" एवढं म्हटलं की बटाटेच काय, न आवडणारे मटारसुद्धा ताटातून गायब. टोचल्याचं खरं तर एकाही पोराला आठवत नव्हतं. आठवडाभराच्या जिवाला काय आठवणार, कपाळ! पण आफ्के बेकरीत पाव घ्यायला उभी राहिली की तीन-चार वर्षांची शेंबडी पोरं आयांच्या कोटात शिरत आणि एक पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवत. टाच लपवायला!

नोव्हेंबरात तर हद्द होई. संत मार्टिनच्या संध्याकाळी गावातली पोरं कागदी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणत हिंडतात आणि ओंजळभर खाऊ घेऊन जातात. आफ्के दर वर्षी उंची चॉकलेटं मागवी, दाराशी दिवा लावी आणि केस विंचरून खुर्चीत बसे. कंदील शेजारच्या दारापर्यंत येत, तिच्या कुंपणापाशी जरा घुटमळत आणि रस्ता ओलांडून पलीकडे जात. मग नाताळ उलटेपर्यंत ती चॉकलेटं तिचा नवरा वोब्बे खात बसे.

"तुझ्या नोकरीपायी माझं पोट सुटतंय," तो म्हणे. कोळंबी पकडणारा माणूस तो. त्याला फुंकर घालता येई ती एवढीच.

आफ्के हे सगळं हसण्यावारी नेई. पण तिला लागे. फार लागे.

म्हणून सिर्कला, तिच्या एकुलत्या एक मुलाला, मुलगा झाला तेव्हा तिने त्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "या पोराला मी टोचणार नाही. अख्ख्या बेटाची टोचीबाई झाले, एकाची तरी नुसती आजी होऊ द्या मला."

नुसतं जाहीर करून ती थांबली नाही. तिने बेत आखला. मुख्य भूमीवरच्या मार्लूसला तिने टोचायला बोलावलं. मार्लूस तिच्याच हाताखाली शिकलेली. मार्लूसने टोचायचं, बाळाने टाहो फोडायचा आणि नेमक्या त्या घडीला आजीने पुढे होऊन त्याला छातीशी धरायचं. म्हणजे दुःख देणारी ती कोणतरी परकी बाई आणि त्यातून सोडवणारी आपली आजी, हे एकदा त्याच्या मनात पक्कं बसलं की जन्माची चिंता मिटली. एवढ्यासाठी तिने पोराला अजून मांडीवरही घेतलं नव्हतं. रोज जाई, पाळण्यात डोकावे, हात पाठीमागे बांधून उभी राही आणि घरी येऊन वोब्बेला त्याच्या कानांचं वर्णन ऐकवी.

"अगं, ते पोर केवढं! त्याला स्वतःची मूठ ओळखू येत नाही, तू काय ओळखू येणार?" वोब्बे म्हणाला.

"नजर नसली तरी नाक असतं. आईला वासावरून ओळखतात ती."

"मग?"

"मग काय? माझ्या लॅव्हेंडरच्या साबणाचा वास आला की त्याला आजी आठवली पाहिजे. सुई नाही."

"आणि माझा वास आला की?"

"तुझा वास कळायला त्याला जन्माला कशाला यायला हवं? तो आईच्या पोटात होता तेव्हापासून येतोय."

बेत नामी होता. पण मार्लूसला आधी ताप आला, मग तिच्या पोरांना आला, असं करत करत गाडी मुदतीच्या शेवटच्या दिवसावर येऊन ठेपली. आणि त्याच दिवशी पूर्वेचा वारा सुटला. पूर्वेचा वारा सुटला की बेटाभोवतीच्या उथळ समुद्रातलं पाणी कुणीतरी झाडूने लोटल्यासारखं पश्चिमेला निघून जातं. दुपारी आफ्के रविवारचा निळा कोट घालून, छातीवर मोत्याची पिन लावून, आजी व्हायला तयार होऊन बसली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"आफ्के, मी मार्लूस बोलतेय. बोट वाळूत बसलीय."

"बसलीय म्हणजे?"

"म्हणजे बसलीय. दोन सील शेजारी येऊन आमची मजा बघतायत. तुमचं दीपगृह अगदी समोर दिसतंय हो. पण कप्तान म्हणतो, भरती आल्याशिवाय हलायचं नाव नाही, आणि आली की तोंड फिरवून सरळ घरी."

"मग चालत ये! उन्हाळ्यात लोक हौसेने चालतात की त्या चिखलातून."

"उन्हाळ्यात, आफ्के! आता मार्च आहे. मी कमरेएवढी रुतले तर जिवंत आहे की नाही हे बघायला मलाच टोचायला यावं लागेल तुम्हाला. तुम्हीच टोचा ना. तुमच्यासारखा हात आहे का कुणाचा? मी तर निम्मं तुमचं बघूनच शिकले."

आफ्केने फोन ठेवला आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली. उद्यावर ढकलणं तिच्या तोंडून निघालंच नसतं. "काय अडलंय, राहू दे की," म्हणणाऱ्या किती आईबापांना तिने फैलावर घेतलं होतं! टोचायला हवं होतं, आजच हवं होतं आणि बेटावर टोचणारी दुसरी कुणी नव्हती. तिला रडू यायला लागलं. तिने नाक पुसायला मान वर केली आणि तिची नजर माळ्याच्या झडपेवर गेली.

माळ्यावर सोंगांची पेटी होती.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी हे सगळं बेट सोंगं घेतं. दाढ्या, मुखवटे, गोणपाटं, उशा बांधलेली पोटं, बदललेली चाल, बदललेला आवाज. घरोघर शिरायचं आणि घरच्यांनी ओळखायचं. कुणी बरोबर नाव घेतलं की सोंग उतरवायचं आणि यजमानाच्या हातचा एक घोट प्यायचा, असा नियम. ओळखलं जाणं म्हणजे नामुष्की. वोब्बे दर वर्षी पहिल्याच घरात ओळखला जाई, ते त्याच्या घशाला सोयीचंच पडे. आफ्के मात्र या कामात पटाईत होती. तिचा घोगऱ्या आवाजाचा म्हातारा खलाशी गावात इतका गाजला होता की तो कोण, यावर दोन भावांत अबोला झाला होता. आफ्के असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

वोब्बे घरात शिरला तेव्हा त्याची बायको आरशासमोर पांढरी दाढी बांधत होती.

"वेड लागलं का तुला? मार्च आहे!"

"बेत तोच आहे. फक्त दोन्ही कामं मला करायची आहेत. टोचणारा तो म्हातारा, आणि म्हातारा गेल्यावर येणारी मी. तुझा कोट दे."

"कुठला कोट?"

"तोच."

तोच म्हणजे वोब्बेचा मेणकापडाचा पिवळा कोट. बोटीवरचा. डिझेल, शेवाळ आणि दोन दशकांची कोळंबी त्यात अशी मुरली होती की आफ्केने त्याला घरात यायची बंदी केली होती. तो मागच्या पडवीत खिळ्याला लटके आणि मांजरं त्याच्याखाली आशेने बसून असत.

"लॅव्हेंडर मारायला याच्याइतकं जालीम दुसरं काही नाही," आफ्के म्हणाली आणि नाक दाबून तिने तो अंगात घातला.

"तू आयुष्यात कधी माझ्या कोटाबद्दल इतकं चांगलं बोलली नव्हतीस," वोब्बे गहिवरून म्हणाला.

स्वतःची सायकल घेतली तर गाव ओळखेल, म्हणून तिने वोब्बेची घेतली. पिशवीत सुईचं सामान, निळा कोट आणि साबणाची वडी. भर दुपारी पांढऱ्या दाढीचा, पिवळ्या कोटातला खलाशी मुख्य रस्त्यावरून निघाला तसं गाव थबकलं. पण बेटावरच्या माणसाला सोंग दिसलं की 'हे काय चाललंय' असं तो विचारत नाही. तो ओळखायला लागतो. "हेरे! तूच ना?" बेकरीवाला ओरडला. "नाही, चाल पोस्टातल्या ओएनेची आहे," त्याची बायको म्हणाली. समोरच्या म्हातारीने खिडकी उघडून सांगितलं, "सायकल वोब्बेची, कोट वोब्बेचा, म्हणजे वोब्बे नक्कीच नाही. इतका बावळट तोसुद्धा नाही." कुणालाही पत्ता लागला नाही. एवढ्या संकटातही आफ्केला थोडं बरं वाटलं.

सिर्कच्या घरापुढे मुलगा झाल्याची खूण म्हणून लाकडी करकोचा उभा केला होता, चोचीत निळं दुपटं. दार उघडलं ते गेस्केने. गेस्के म्हणजे बाळंतिणीकडे येणारी बाई. पहिला आठवडा घर तिच्या ताब्यात; नवऱ्याने स्वतःच्या घरात कुठे बसायचं हेही ती सांगते. ती दारात आडवी उभी राहिली.

"काय पाहिजे?"

"टोचायला आलोय," घोगरा आवाज म्हणाला.

गेस्के कितीही कडक असली तरी बेटावरचीच. तिचे डोळे बारीक झाले. "थांब थांब. बोलू नकोस. पश्चिम टोकाचा अब्बे? नाही, तो पाय ओढतो. दीपगृहावरचा?" मग तिची नजर खाली गेली. खलाशाचे हात घासून घासून लालबुंद झालेले, नखं कापून मुळाशी नेलेली. गेस्केचा आ वासला. "अगं बाई! आफ्..."

"नाव घेऊ नकोस!" दाढीतून कळवळलेला बायकी आवाज आला. "गेस्के, तुझ्या पाया पडते, नाव घेतलंस तर मला सोंग उतरवावं लागेल."

नियम म्हणजे नियम. गेस्केने ओठ घट्ट मिटले. आत नातवाची आई रडतेय, नातू रडतोय, बाप स्वयंपाकघरात रडकुंडीला आलाय आणि दारात आजी दाढी लावून उभी. तिने एक लांब श्वास घेतला आणि कोटाच्या वासाने तिला ठसका लागला.

"मी ओळखलं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "पण दाढी कोटात खोच. पुन्हा हात धू. आणि या उकिरड्यावर मी स्वच्छ दुपटं बांधणार, त्याशिवाय माझ्या खोलीत पाऊल नाही."

खोलीत पलंग चारी पायांखाली लोखंडी ठोकळे घालून उंच केलेला होता, सेवा करणाऱ्या बायांच्या कंबरा वाकू नयेत म्हणून. त्या उंचीवर फेना, आफ्केची सून, सिंहासनावरून उतरवलेल्या राणीसारखी विस्कटून बसली होती. दूध उतरून छाती दगड झालेली, बाळ तोंड लावेना, आणि आज तिला सकाळपासून कशाचंही रडू येत होतं. मघाशी तर टोस्ट मोडला म्हणून आलं होतं. मांडीवर लहानगा योरित टोमॅटोसारखा लाल होऊन किंचाळत होता.

दाढीवाला बघून फेना रडायची थांबली. "हे कोण?"

"मुख्य भूमीवरून आलोय, बाई. टोचायला."

"पण बोट वाळूत बसलीय ना?"

खलाशी जरा अडखळला. "पोहत आलो."

स्वयंपाकघरातून सिर्क डोकावला. "बाबा?" तो कोटाकडे बघत म्हणाला. मग त्याला टेबलावर काढून ठेवलेली सुई दिसली आणि तो पांढराफटक पडला. गेस्केने त्याला दंडाला धरून परत पाठवलं. "टोस्टवर लोणी लावा. सगळ्या टोस्टवर. आणि वर मुलगा झाल्याच्या त्या बडीशेपेच्या निळ्या गोळ्या पेरा, एकेक करून."

आफ्के कामाला लागली. पण पाऊल गार असलं की रक्त उतरत नाही, आणि रडून रडून पोराचं पाऊल बर्फ झालं होतं. लोकरी मोजा चढवला, तो त्याने झाडून दिला. गरम पाण्याची बाटली लावली, तिला लाथ बसली. फेनाने पाजायचा पुन्हा प्रयत्न केला. योरित आणखी चिडला आणि फेनाला पुन्हा हुंदका आला.

"मला नाही होत हो," ती म्हणाली. "काका, तुम्ही घ्या त्याला जरा. दोनच मिनिटं."

"मी?" आफ्के एक पाऊल मागे सरली. "मी... मी फक्त टोचणारा, बाई."

"घ्या हो!"

आणि फेनाने ते किंचाळणारं गाठोडं पिवळ्या कोटावर ठेवून दिलं.

झालं. ज्या पहिल्या मांडीसाठी आफ्के आठवडाभर हात मागे बांधून हिंडली होती, ती मांडी गेली. गेली ती एका दाढीवाल्या, कोळंबीच्या वासाच्या म्हाताऱ्याला. गाणं म्हणावं तर आवाज उघडा पडणार. काहीतरी तर म्हणायला हवं होतं. घोगऱ्या आवाजात तिला पाठ असं एकच होतं, वोब्बे दिवसातून तीनदा रेडिओवर ऐके ते.

"पूर्वेचा वारा, जोर सहा," खलाशी पोराच्या कानाशी गुरगुरला. "संध्याकाळनंतर जोर कमी. खाडीत पाणी उतरलेलं. लहान बोटींनी जपून राहावं."

योरितने किंचाळी अर्ध्यात तोडली.

"उत्तरेला विखुरलेले ढग. रात्री दाट धुकं. दृश्यता कमी."

योरितने दुपट्यात नाक खुपसलं, खालचा कोट खोलवर हुंगला आणि नि:श्वास सोडला. मुठी उघडल्या. फेना उशीला टेकली आणि हळूच म्हणाली, "दुसऱ्या किनाऱ्याचं हवामान पण सांगा."

आफ्केने सगळ्या किनाऱ्यांचं सांगितलं. एकीकडे तिने ते चिमुकलं पाऊल तळहातात मिटून धरलं. टाच गुलाबी व्हायला लागली. पण टोचायला दोन्ही हात हवे, आणि बाळ फेनाकडे द्यावं तर वास दूर गेला की ओठ थरथरू लागत. शेवटी गेस्केने तोड काढली. खलाशाने पलंगाला अगदी खेटून उभं राहायचं, बाळ फेनाच्या मांडीवर आणि कोटाचं टोक बाळाच्या नाकाशी. त्या ठोकळ्यांवरच्या पलंगाची उंची पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली.

"नैर्ऋत्येकडे..." आफ्केने टोचलं. योरितच्या कपाळाला एक आठी पडली, एवढंच. "...हवा निवळेल." टपोरा थेंब आला. पहिलं वर्तुळ भरलं, दुसरं भरलं, मागून पुढून सारखं लाल. इतकं सुबक काम तिच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. शेवटचं वर्तुळ भरलं तेव्हा बाळ आ करून झोपलं होतं. टाचेला पट्टी लावून, कागद वाळायला ठेवून खलाशी घाईघाईने म्हणाला, "निघतो. भरतीच्या आत पोहून जायला हवं."

मागच्या सायकलींच्या पडवीत आफ्केने दाढी उपटली, कोट झटकून खिळ्याला टांगला आणि नळाच्या गारढोण पाण्याने कोपरापर्यंत लॅव्हेंडर घासलं. वडी निम्मी झाली. निळा कोट, मोत्याची पिन. केस सारखे केले. मग घराला वळसा घालून ती पुढच्या दाराशी आली आणि तिने घंटा वाजवली.

"अगं बाई," ती गोड आवाजात म्हणाली, "टोचून झालं वाटतं? फार रडला का गं माझा राजा?"

"या, आई," फेना तोंड चादरीने झाकत म्हणाली. तिचे खांदे हलत होते. "एक म्हातारा आला होता. फार चांगला होता हो."

"असं?" आफ्केला का कोण जाणे, मनातून जरा झोंबलं. "आण इकडे बाळाला. आता आजीकडे."

तिने हात पुढे केले. आठवडाभर धरून ठेवलेले हात. नातू तिच्या निळ्या कोटावर आला, उबदार आणि मऊ, आणि एक क्षण सगळं तिने योजलं होतं तसंच झालं.

मग योरितने हुंगलं.

ट्यांहां! अशी किंकाळी की स्वयंपाकघरात सिर्कच्या हातून गोळ्यांचा डबा पडला. आफ्केने हलवलं, थोपटलं, तिच्या आईने म्हटलेलं अंगाईगीत म्हटलं. गाणं ऐकून तो आणखीच भडकला. लॅव्हेंडरला त्याने शिंकून उत्तर दिलं. पाच मिनिटांत आफ्केचा चेहराही त्याच्याइतकाच लाल झाला आणि डोळे भरून आले.

"ओळखलं त्याने मला," ती म्हणाली. "बघा. दाढी लावा, काही करा, टोचीबाई ती टोचीबाईच. हात कळतात त्यांना. घे गं बाई तुझं लेकरू. मी काही कुणाची आजीबिजी व्हायची नाही."

"आई," फेना म्हणाली. ती आता हसत नव्हती. "हवामान सांगा."

"काय?"

"हवामान. दुसऱ्या किनाऱ्याचं."

आफ्केने सुनेकडे पाहिलं, गेस्केकडे पाहिलं. गेस्के छताकडे बघत होती. "तुला सगळं ठाऊक होतं?"

"आई, पोहून आलेला माणूस कोरडा होता हो! आणि बेटावर टोचणारं तुमच्याशिवाय आहे कोण? सांगा ना."

"पूर्वेचा वारा," ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. ट्यांहां! तिने घसा खाकरला आणि खाली, पार तळघरात उतरून पुन्हा सुरुवात केली. "पूर्वेचा वारा. जोर सहा."

किंकाळी थांबली. योरितने एक डोळा किलकिला केला आणि त्या आवाजाच्या दिशेने मान वळवली, पण नाकाला काहीतरी कमी पडत होतं. तो कुरकुरला. तेव्हा गेस्के बाहेर गेली आणि दोन बोटांत धरून, हात लांब करून, तो पिवळा कोट घेऊन आली. निळा कोट उतरला, पिवळा चढला, वर दुपटं आलं. योरितने नाक आत घातलं आणि तो सुस्कारला. बोटांनी चाचपत त्याने कोटाची कड पकडली, पण ती निसटली आणि आफ्केचं बोट हाती लागलं. सुई धरायचं बोट. तेच मुठीत घेऊन तो झोपी गेला.

"याला म्हणतात ओळखणं," गेस्के म्हणाली. "आता नियम पाळायचा." तिने ब्रँडीत भिजवलेल्या बेदाण्यांचा पेला आफ्केच्या दुसऱ्या हातात दिला आणि एक स्वतःसाठी भरला.

आफ्के प्यायली आणि ढसाढसा रडली, पण घोगऱ्या आवाजात, बाळ जागं होऊ नये म्हणून. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो टोचणारा हात काढून ठेवल्याशिवाय कुणी आपल्याला जवळ घेणार नाही. आणि या काल आलेल्या दीडवितीच्या माणसाने साबण नाकारला, मोत्याची पिन नाकारली, गाणं नाकारलं आणि नेमका तोच हात उचलला. तिला इतका आनंद झाला की तिने सिर्कने आणलेले टोस्ट एकामागून एक चार खाल्ले. निळ्या गोळ्या दाढी नसलेल्या हनुवटीवर सांडल्या.

ऊन उतरलं तसा वारा पडला. वाळलेला कागद घेऊन सिर्क पोस्टात गेला, आणि तेवढ्यात वोब्बे आला.

"पाणी चढतंय, बोट काढतोय," तो दारातूनच गरजला. "माझा कोट..."

"श्श!" तीन बायका एकदम म्हणाल्या.

"हळू बोल," आफ्के कुजबुजली. "नातू झोपलाय माझा."

"पण मी घालू काय?"

फेनाने पलंगाच्या उंचीवरून खुर्चीकडे बोट दाखवलं. वोब्बेने खुर्चीवरचा कोट उचलला, वास घेतला, तोंड वाकडं केलं. आणि त्या संध्याकाळी बंदरावरच्या लोकांनी वोब्बेला बायकोचा रविवारचा निळा कोट घालून, मोत्याच्या पिनेसकट, कोळंबीला जाताना पाहिलं. सगळ्यांनी त्याला लगेच ओळखलं.

आफ्के खिडकीपाशी तशीच बसून राहिली. पट्टी लावलेली टाच तिच्या तळहातात होती. आजवर बेटावरच्या सगळ्या टाचा त्या तळहातात येऊन गेल्या होत्या, वर्तुळं भरेपर्यंत थांबल्या होत्या आणि मग आयांनी त्या घाईघाईने परत नेल्या होत्या. ही मात्र कुणी परत मागत नव्हतं.